नासारियोच्या धारेचा उतार

नासारियो गेल्याच्या नवव्या दिवशी त्याच्या नावानं काढलेला चुन्याचा क्रूस घरातल्या जमिनीवरून उचलला, आणि दहाव्या दिवशी सकाळी त्याचा धाकटा भाऊ एर्कुलानो अंगणात हजर. मक्याच्या खुंटांवर हिव अजून पांढरं बसलेलं होतं. काळी राखट माती पायाखाली कुरकुरत होती. लोकरीच्या झग्यात मान घालून त्यानं थेट पडवीतल्या लेथीकडं बघितलं. वहिनी तिथं चुलीपाशी मका दळत बसली होती, पण तिच्याकडं मागनं बघितलं.

"वैनी, पट्टा उतरवू का आजच? लेथ थंड पडली की गंज धरतीया. आमच्या पडवीत जागा करून आलोय मी."

"नगं," सेल्सा म्हणाली. दळायचं थांबली नाही.

"नगं म्हंजी? ठिवून काय करनार? कपडे वाळत घालनार तिच्यावर?"

"चालवनार."

"कोन?"

"मी."

एर्कुलानो हसला. तसा तो दुष्ट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. भावाच्या शवपेटीला पहिला खांदा त्याचाच, आणि नऊही दिवस माणसांना कॉफी त्यानंच पाजली. पण आमच्या कुरिंदारोत बाईनं लेथीवर उभं राहायचं म्हणजे कोंबडीनं नांगर ओढायची गोष्ट. गावात घरटी लेथ. गडी लाकूड कातून चॉकलेट घुसळायच्या रव्या करणार आणि बाया तापल्या तारेनं त्यांच्यावर फुलं-पानं जाळणार, हे ठरलेलं. सेल्सानं अकरा वर्षं फुलंच जाळली होती.

"आवं, बोटं जातील की! आन मग भाकऱ्या कशानं थापनार? कोपरानं?"

तेवढ्यात आतून म्हातारी तोमासा बाहेर आली. नासारियोची आई. डोळे सुजून लाल झालेले, पण जीभ शाबूत.

"एर्कुलानो, गप ऱ्हा. कांदेलारियाच्या सनापतुर कुनी तिच्या लेथीला हात लावायचा न्हाई. रीत ठावं न्हाई व्हय तुला?"

रीत सगळ्यांनाच ठाऊक. कांदेलारियाला, म्हणजे मेणबत्त्यांच्या सणाला, प्रत्येक घरानं त्या वर्षाची पहिली रवी देवळात न्यायची. आख्ख्या एका लाकडातून कातलेली, आणि तिच्या अंगावर तीन सुट्ट्या कड्या. त्या बाहेरून घातलेल्या चालत नाहीत, त्याच लाकडातून आतून कापून मोकळ्या केलेल्या हव्यात. कारभारी रवी हलवून बघणार, कड्या वाजल्या की पाद्री तिच्यावर पाणी शिंपडणार. ज्या घरची रवी आली नाही त्या घरच्या लेथीचा पट्टा उतरवायचा, आणि लेथ जवळच्या नातेवाइकानं न्यायची. सणाला अठरा दिवस होते. लेथ गेली तर सेल्साला एर्कुलानोच्या चुलीवर राहून त्याच्या बायकोच्या हाताखाली रव्यांवर फुलं जाळावी लागणार होती, जन्मभर. हे तिला कळत होतं. पण कळत होतं तेवढंच, वाटत काहीच नव्हतं. घाटात ओंडक्यांचा ट्रक नासारियोवर उलटला त्या दिवसापासून तिच्या आतलं सगळं, मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय होतो तसं होऊन बसलं होतं. रडू यायचंच नाव नव्हतं. बाया मागं कुजबुजत, आणि तिला ते ऐकूही येई.

"बरं बाबा," एर्कुलानोनं काखेतली लोखंडी पट्टी तिच्यापुढं धरली. "चालवनारच हायस, तर हे घे. तुमच्या ग्राइंडरचा टेकू म्हंजी एक ओकाचा ठोकळा. माझ्याकडं ही जास्तीची हाय. बोल्ट ढिला केला की हवी तशी तिरकी व्हती. धार तरी नीट लावशील."

"त्येचा ठोकळा हाय ना," ती म्हणाली.

"असू दे गं. पडू दे कोपऱ्यात." पट्टी ठेवून तो गेला.

*

आता ग्राइंडरपुढच्या टेकूचं असं आहे. चाक कितीही चांगलं असो, पटाशी ज्याच्यावर टेकवायची तो टेकू हलला की धारेचे बारा वाजले. ग्राइंडरसोबत जो पत्र्याचा टेकू येतो तो बोटानं दाबला तरी लवतो. गावात कुणी तो वापरत नाही, खिळ्याला टांगून ठेवतात. मग ज्याचा त्यानं आपला करायचा. नासारियोनं ओकाचा ठोकळा तासून तिरका केला होता, त्याच्या माथ्यावर एक खोबण, आणि त्या खोबणीत पटाशी ठेवली की ती चाकाला प्रत्येक वेळी एकाच तिरकेपणानं भिडायची. म्हणून त्याच्या चारही पटाश्यांच्या धारेचा उतार अगदी सारखा. आखूड, जाडसर, एकसंध. बोट फिरवलं तर मध्ये कुठं ओरखडा लागत नव्हता. सेल्सानं फिरवलं होतं. क्रूस उचलायच्या आदल्या दिवशी, कुणी बघत नसताना.

पहिले चार दिवस तिनं धारच लावली नाही. त्यानं शेवटची लावून ठेवलेली होती, तीच वापरायची. पायपट्टी दाबली, लेथ फिरली, पांढऱ्या आयलेच्या लाकडाचा दांडा गरगरू लागला आणि तिनं गोल पटाशी लावली. दांडा फाटकन उसळला आणि पडवीच्या छपरावर आदळला.

शेजारची चोले कुंपणावरून बघत होती.

"सेल्सा, रवी करतीयास का पाखरं मारतीयास?"

"दोन्ही जमलं तर बरंच हाय," सेल्सा म्हणाली. चोले हसली, मग हसल्याचं वाईट वाटून म्हणाली, "माजी उकडलेल्या कोरुंद्यांची परात पाठवू का? जेवलीस का तू?"

"जेवली असन."

चौथ्या दिवसापर्यंत सात दांडे फुटले. सुरुवातीला पटाशी लाकडावरून नुसती घसरायची, कापायचंच नाही. मग ती मूठ वर उचलायची. वर उचलली की कापायची, पण हात खांद्याच्या रेषेत गेलेला, दंड थरथरायला लागायचा, आणि थरथरला की धार आत रुतायची. फाटकन. आठवा. नववा. फुटलेले दांडे तोमासा उचलायची आणि चुलीत घालायची. तिनं एकदाही 'सोड' म्हटलं नाही. एकदाच म्हणाली, "त्यो बी पयल्या वर्साला असंच फोडायचा. त्येच्या बापानं कानफटात मारली व्हती." आणि हे सांगताना तिचा चेहरा जरासा उजळला.

पाचव्या दिवशी धार गेली. आता ग्राइंडर लावल्यावाचून गत्यंतर नव्हतं. सेल्सानं तव्याखालची काजळी बोटावर घेऊन पटाशीच्या उताराला फासली, नासारियोच्या ठोकळ्यावर पटाशी ठेवली आणि बंद चाक हातानंच एकदा फिरवलं. काजळी कुठं पुसली ते बघायचं. फक्त टोकाला पुसली तर टेकू चुकला, फक्त मागं पुसली तरी चुकला. काजळी टाचेपासून, म्हणजे उताराच्या मागच्या कडेपासून, धारेपर्यंत सारखी पुसली गेली होती. ठोकळा आणि पटाशी एकमेकांना चुकले नव्हते. तिनं चाक चालू केलं, ठिणग्या उडाल्या, पाण्यात बुडवून गार केली. धार अशी लागली की अंगठ्याच्या नखाचा पापुद्रा सोलून निघाला.

आणि पुन्हा दांडा फुटला.

तेव्हा एर्कुलानो आला. फुटल्याचा आवाज त्याच्या पडवीपर्यंत जात होता म्हणे. "बघ, म्या काय म्हनलो? ठोकळ्यात दम न्हाई. आन इकडं." त्यानं लोखंडी पट्टी बोल्टानं आवळली आणि ग्राइंडर चालू करायला हात घातला.

"थांबा भावजी. फट बघा किती ठिवलीया. टेकू आन चाकाच्या मधी मक्याचा दाना जाईल. पटाशी आत वढली म्हंजी?"

एर्कुलानोनं खाली वाकून बघितलं. दाणा खरंच गेला असता. बोल्ट ढिला करून त्यानं पट्टी चाकाजवळ सरकवली. पण कान लाल झाले होते. धार त्यानं लावली. त्याच्या सवयीनं. ती नासारियोच्या धारेसारखीच निघाली, कारण दोघं भाऊ एकाच बापाकडं शिकलेले आणि दोघंही ताडमाड. त्या धारेनं एर्कुलानोनं स्वतः एक दांडा कातून दाखवला, लोण्यासारखा.

"धार तर चांगली हाय," तो म्हणाला. "मग फुटतंय कशापायी, तूच सांग."

"बाईमानसाच्या हातानं," त्याच्या तोंडात आलं होतं. पण म्हातारी दारात उभी होती, म्हणून त्यानं ते गिळलं आणि गेला.

*

आणखी चार दिवस असेच गेले, उरले नऊ. सेल्सानं पायाखाली फळी घेऊन बघितली. फळीवरून पायपट्टीला पाय पोचेना, नेमक्या वेळी पट्टा ढिला पडायचा आणि लेथ थांबायची. फळीवरून एकदा ती घसरून पडलीसुद्धा. कोपर सोलपटलं. चोले कुंपणावरून ओरडली, "सोड गं बाई आता, जीव जाईल तुजा!" आणि सेल्साला वाटलं, जाईल तर जाईल. वाटलं म्हणजे तेही नीटसं वाटलं नाही. नुसतं मनात येऊन गेलं.

अखेर तोमासाच जाऊन ताता सिरिलोला घेऊन आली. गावातला सगळ्यात बुटका कातारी. ऐंशीच्या घरात, छातीत लाकडाचा भुसा भरलेला, चार पावलं चालला की खोकायचा. तो ओसरीवर टेकला, गरम आतोल्याचा, मक्याच्या पेजेचा, वाडगा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "चालू नगं करू. नुसती हुबी ऱ्हा."

ती लेथीपुढं उभी राहिली.

"डोळं मीट. पटाशी लाकडाला लाव. मूठ कुठं ठिवायची ते डोस्क्याला इचारू नगं. हात जिथं आपसूक ऱ्हाईल तिथं ऱ्हाऊ दे."

कोपर बरगडीला चिकटलं. मूठ खाली, कमरेशी.

"आता डोळं उघड आन हलू नगं. तोमासा, हिकडं ये, तू बी बघ. टाच टेकलीया, आन धार हवंत हाय. दिसतंय?"

सेल्साला दिसलं. पटाशीच्या उताराची मागची कड लाकडाला टेकलेली, आणि धार केसभर वर. या धारेला लाकूड कापायचं तर मूठ उचलायलाच हवी होती. नासारियोची मूठ मुळात तितकी उंचच असायची, कारण त्याचं कोपर तिच्या खांद्याला लागायचं. उगाच नाही अकरा वर्षं तो तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवायचा.

"पोरी," म्हातारा म्हणाला, "तुजी चूक न्हाई. लाकडाची न्हाई. समदं गाव एकाच उताराची धार लावतंय, कारन बापानं लावली. ह्ये येडं गाव हाय. मलाबी बापानं सहा वर्सं बडीवलं, मग मला कळालं, की उतार ज्येच्या त्येच्या कोपराचा असतो. तुजा उतार लांब पायजे. निमुळता. टाच कापून काढ."

"मग ह्यो ठोकळा?"

"ठोकळ्याला एकच उतार ठावं. कापून नवा तिरका कर, न्हाईतर ती लोखंडी पट्टी घे. तिला काय, जशी वाकवशील तशी वाकंल."

"ठोकळ्याला करवत लावशील तर बघ!" तोमासा एकदम किंचाळली.

सिरिलोनं आतोल्याचा घोट घेतला. "ठोकळा ठिव बाजूला. ठोकळ्याचं काय न्हाई. पर पटाश्या तर घासाव्याच लागतील."

मग म्हातारीला उमगलं. ठोकळा वाचला तरी उतार वाचणार नव्हता. तिनं चारही पटाश्या लेथीवरून उचलल्या आणि छातीशी धरल्या.

"सेल्सा, ह्यात माज्या पोराचा हात हाय."

"ठावं हाय, आत्याबाई."

"त्येच्या कापडाला आता त्येचा वास येत न्हाई. खाट म्या धुतली. ह्येच ऱ्हायलंय. बोट फिरव, बघ, त्योच हाय ह्यो."

"म्या फिरवलंय."

"मग कसा घासशील गं? हात धजंल तुजा?"

सेल्सानं स्वतःशी विचार करून बघितला, हात धजेल का. काही सापडलं नाही. भीती नाही, माया नाही, राग नाही. स्वतःचीच लाज वाटावी असं ते होतं, पण लाजही आली नाही. "धजंल," ती म्हणाली. "मला काय बी व्हत न्हाई, आत्याबाई. म्हनून धजंल. द्या."

तोमासानं दिल्या नाहीत. सिरिलो खोकत खोकत उठला, जाता जाता म्हणाला, "तोमासा, पट्टा उतरला की ह्या पटाश्या एर्कुलानोच्या घरात जातील. घासायच्याच हायत. कोन घासनार एवढंच." आणि गेला.

म्हातारी ओसरीवर बसून राहिली. ऊन कुंपणावरून पलीकडं सरकलं, कोंबड्या येऊन तिच्या पायाशी टोचून गेल्या. मग तिनं पटाश्या जमिनीवर ठेवल्या, एकेक करून, आणि पदर डोक्यावर ओढून आत निघून गेली.

सेल्सानं लोखंडी पट्टी आवळली. फट इतकी बारीक, की मक्याचा दाणा सोडा, त्याची सालही जाऊ नये. लेथीपुढं डोळे मिटून उभी राहिली, मूठ कमरेशी, आणि पटाशी लाकडावर कशी बसते ते बघितलं. पट्टी तिरकी केली, काजळी फासली, चाक हातानं फिरवलं. काजळी फक्त टाचेवर पुसली. बरोबर. तिथूनच कापायचं होतं.

चाक सुरू झालं. पहिल्या पटाशीची टाच गेली. ठिणग्यांचा झोत तिच्या पोटाच्या कापडावर आदळत होता. पाण्यात बुडवायची, पुन्हा लावायची, पुन्हा बुडवायची. नासारियोचा उतार एकदम गेला नाही. मागनं पुढं, थोडा थोडा आक्रसत गेला. शेवटी धारेपाशी दोऱ्याएवढी पट्टी उरली, चमकणारी, त्याच्या हातची. तिथं ती थांबली. आतून म्हातारीचं रडणं येत होतं. सेल्सानं वाट बघितली, आपल्यालाही येईल म्हणून. मग पटाशी पुन्हा टेकूवर ठेवली आणि तो दोराही काढला. एक झाली. मग दुसरी, तिसरी, चौथी.

*

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी तिसरी कडी लाकडातून सुटली. नव्या धारा निमुळत्या होत्या, लगेच बोथट व्हायच्या, दर चार दांड्यांना ग्राइंडरवर जावं लागायचं. पण मूठ कमरेशी राहात होती आणि साल लांब, ओली, सलग निघत होती. चोले कुंपणावर आली. नुसता हात पुढं केला, रवी घेतली, कानाशी धरून वाजवली आणि परत दिली.

कांदेलारियाला देऊळ मेणबत्त्यांच्या धुरानं आणि माणसांच्या वाफेनं भरलं होतं. कारभारी एकेका घराची रवी उचलायचा, हलवायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, "हात कुनाचा?" घरधनी नाव सांगायचा, आणि वर्षभर त्या घरच्या लेथीला त्या नावानं हाक पडायची.

सेल्साची रवी त्यानं उचलली. कड्या वाजल्या. त्यानं ती पुन्हा हलवली, बोटानं दांडा चाचपला, आणि एर्कुलानोकडं बघितलं. कातल्याच्या खुणा गावात सगळ्यांना ओळखू येतात. ही नासारियोची नव्हती, एर्कुलानोची नव्हती, कुणाचीच नव्हती.

"हात कुनाचा?"

एर्कुलानो तिच्या कानाशी वाकला. "वैनी, नासारियोचा सांग. कुनी काय म्हननार न्हाई. लेथ तुज्याकडंच ऱ्हाईल, माझी हरकत न्हाई, आईची शप्पथ. म्हातारीला बी बरं वाटंल." तो मनापासून सांगत होता. तोमासा पुढच्या बाकावर होती. ती मागं वळली नाही, पण तिची पाठ ताठ झाली होती.

"सेल्साचा," सेल्सा म्हणाली.

 मागं एका बाईनं क्रूसाची खूण केली. कारभारी जरा घुटमळला, मग त्यानं मोठ्यानं तसंच सांगितलं, पाद्रीनं पाणी शिंपडलं, आणि पुढची रवी उचलली गेली. एर्कुलानोनं टोपी हातात गोल गोल फिरवली. तोमासा उठली आणि बाजूच्या दारानं निघून गेली.

सेल्सा रवी घेऊन घरी आली तेव्हा म्हातारी चुलीपुढं बसली होती. मडक्यात चॉकलेट उकळत होतं.

"नाव तरी त्येचं लावायचं व्हतंस," ती म्हणाली. वर बघितलं नाही. "उतार घासलास. त्ये समजलं. पोटाला पायजे. पर नावाला काय पडत व्हतं? कुनाचं काय जात व्हतं?"

"त्येचं नाव लावलं असतं तर समदे म्हनले असते, नासारियोची लेथ चालू हाय. तुमी बी म्हनला असता. म्या बी." सेल्सा तिच्या शेजारी जमिनीवर बसली. "आन मग म्या रोज सांजच्याला त्येची वाट बघितली असती, आत्याबाई. त्यो न्हाई. त्यो न्हाई आता."

हे तिनं तोंडानं पहिल्यांदाच म्हटलं होतं. 

 म्हातारीनं हात लांब केला.

"आन ती रवी हिकडं," ती म्हणाली. "चॉकलेट उतू चाललंय."

सेल्सानं रवी दिली. तोमासानं ती मडक्यात घातली, दोन तळव्यांमध्ये धरली आणि घुसळायला लागली.